वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन शाळा काढताना आणि चालवताना

ऑनलाइन अध्यापनाविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असून जुळे सोलापुरात राहते. विज्ञान आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींसह पाचवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ऑनलाइन शाळा काढण्याचा विचार आहे. तिला शासनाची मान्यता कशी मिळते? तोपर्यंत ‘शाळा’ असे नाव लावले तर चालेल का?

उत्तर : तिन्ही विषयांचे अनुभवी शिक्षक एकत्र येणे ही मोठी जमेची बाजू आहे. मान्यतेच्या बाबतीत मात्र कायद्याची चौकट आधी समजून घ्यावी लागेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पहिली ते आठवीची शाळा सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही. तसे केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवली तर दररोज दहा हजार रुपयांप्रमाणे वाढीव दंडाची तरतूद आहे. मान्यतेसाठी जे निकष अनुसूचीत दिले आहेत, ते प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि ग्रंथालय असे आहेत. राज्यात स्वखर्चाने शाळा काढणाऱ्यांसाठी २०१२ चा स्वयं-अर्थसहाय्यित शाळांचा अधिनियम आहे, परंतु तेथेही जागा आणि इमारत यांना पर्याय नाही. केवळ पडद्यावर भरणारी खाजगी शाळा या चौकटीत बसत नाही. त्यामुळे तिला यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा शासकीय ओळख क्रमांक, मिळणार नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला किंवा वार्षिक गुणपत्रक देण्याचा अधिकारही तिला असणार नाही.

दिल्ली सरकारने २०२२ मध्ये नववीपासून पुढच्या वर्गांसाठी आभासी शाळा सुरू केली, तिचे उदाहरण अनेकजण देतात. तिच्यामागे सरकार स्वतः आणि त्याचे परीक्षा मंडळ उभे होते, ही गोष्ट खाजगी मंडळींनी ध्यानात घ्यावी.

आपल्यासमोर दोन रस्ते उरतात. पहिला म्हणजे जी मुले आधीच कोणत्यातरी मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर आहेत, त्यांच्यासाठी पूरक अभ्यासवर्ग चालवणे. दुसरा म्हणजे ज्यांची शाळा सुटली आहे अशा मुलामुलींना परीक्षेला बसण्यासाठी तयार करणे. दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे, आणि १९८९ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानातून, म्हणजे एनआयओएसमधून, १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीच्या स्तरावर नाव नोंदवता येते. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. लग्नामुळे, घरच्या कामामुळे किंवा स्थलांतरामुळे शाळा सुटलेल्या मुलींसाठी ही सवलत फार मोलाची आहे. प्रमाणपत्र ते मंडळ देईल, शिकवण्याचे काम आपले, ही विभागणी पालकांना पहिल्या भेटीतच सांगावी आणि प्रवेश अर्जावरही छापावी.

माझे मत विचाराल तर पहिले वर्ष केवळ पूरक वर्ग चालवा आणि नावात ‘शाळा’ हा शब्द घेऊ नका. ‘अभ्यासवर्ग’ असे नाव घेतल्याने आपले काही अडत नाही, उलट पालकांचा गैरसमज टळतो. आणखी एक बाब अशी, की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढून राज्यांकडे पाठवल्या. पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या केंद्राला त्या कोचिंग केंद्र मानतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश देऊ नये असे सांगतात. हा स्वतंत्र कायदा नसला तरी शासनाचा कल त्यातून स्पष्ट दिसतो. म्हणून विद्यार्थिसंख्या पन्नासच्या आत ठेवावी आणि काम सुरू करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करून त्याची पोच जपून ठेवावी. नोंदणीपुरते बोलायचे तर तिघींचा लेखी भागीदारी करार, लहान उद्योगांसाठीची केंद्र शासनाची उद्यम नोंदणी आणि दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली द्यावयाची सूचना एवढे सुरुवातीला पुरते. ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला या अधिनियमाखाली केवळ सूचना द्यावी लागते आणि ती ऑनलाइन देता येते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यरत शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर घरून सशुल्क ऑनलाइन वर्ग घेतले तर हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही आणि ती ऑनलाइन घेतल्याने नियम बदलत नाही. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर वर्ग काढून स्वतः शिकवणे हेही त्यातच मोडते. आपल्याला ऑनलाइन साधनांची आवड आहे, तर ती आपल्याच पटावरच्या मुलांसाठी विनामूल्य वापरण्याला कोणाचा विरोध नाही. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला, ते काम याच मार्गाचे होते.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र कुंभारी येथील घरकुल वसाहतीतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन शिकवतो. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर पाळीत काम करतात आणि आई घरी विड्या वळते. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. नावे नोंदवलेल्यांपैकी निम्मी मुलेही वर्गाला येत नाहीत. मुलांना गोडी नाही असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. फोन घरात नसताना मुलाने वर्गाला यावे अशी अपेक्षा कशी ठेवता येईल? आपण आधी वेळापत्रक ठरवले आणि मग मुलांना बोलावले, येथे क्रम उलटा करावा लागेल. प्रत्येक घरी जाऊन फोन कोणाचा, तो घरी केव्हा असतो, वडिलांची पाळी कोणत्या दिवशी बदलते आणि आई विड्या देऊन पाने-तंबाखू आणायला केव्हा जाते, या चार गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. या नोंदींवरून दिवसपाळीच्या घरांचा एक गट आणि रात्रपाळीच्या घरांचा दुसरा गट आपोआप पडेल. पाळी बदलली की मुलगा एका गटातून दुसऱ्या गटात जाईल, म्हणून दोन्ही गटांत आठवडाभर एकच धडा चालवावा.

दुसरी अडचण डेटाची आहे. चित्रासह चालणारा वर्ग सेकंदाला एक मेगाबिट इतका डेटा घेत असेल, तर तासाला सुमारे ४५० एमबी खर्च होतात. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात दोन तासांच्या वर्गांनी ९०० एमबी संपवले, तर उरलेल्या डेटात साऱ्या घराने भागवायचे, आणि मग मुलाचा वर्ग हीच पहिली काटछाट ठरते. केवळ आवाज पाठवला आणि तो सेकंदाला ६४ किलोबिट धरला, तर तोच तास सुमारे २९ एमबीमध्ये होतो. म्हणून वर्ग आवाजावर घ्यावा आणि फळ्याचे काम कागदावर करावे. आदल्या रात्री, फोन घरी असताना, दुसऱ्या दिवशीच्या धड्याचे एकच पान व्हॉट्सॲपवर पाठवावे, त्यावर आकृती, तीन उदाहरणे आणि प्रत्येक ओळीला क्रमांक असावा. मुलाने ते पान वहीत उतरवून घेतले की वर्गात “चौथ्या ओळीत समान चिन्हाच्या डाव्या बाजूला पाहा” असे म्हटल्याबरोबर त्याची नजर योग्य जागी जाते. आवाजाच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक गोष्ट नेमकी बोलून दाखवावी लागते आणि त्याने शिकवणे सुधारते, असा माझा अनुभव आहे. चाळीस मिनिटांहून मोठा वर्ग घेऊ नये, आणि दर पाच-सात मिनिटांनी एकेका मुलाचे नाव घेऊन त्याला बोलते करावे.

यापुढचा उपाय अधिक परिणामकारक आहे. वसाहतीतल्या एखाद्या समाजमंदिरात किंवा वाचनालयात आठ-दहा मुलांना एकत्र बसवून एका दूरचित्रवाणी संचावर वर्ग दाखवला, तर फोनचा प्रश्नच उरत नाही. तेथे बारावी झालेली वसाहतीतलीच एखादी मुलगी मानधनावर नेमावी. तिने हजेरी घ्यावी, वह्यांचे फोटो पाठवावेत आणि मुले गप्प बसली तर त्यांची अडचण शिक्षकांपर्यंत पोचवावी. यातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा तेलुगू असेल, त्यामुळे प्रश्न तेलुगूत विचारण्याची मुभा द्यावी आणि उत्तर मराठीत लिहून घ्यावे. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडची मुले असतील तर कन्नडच्या बाबतीतही हेच लागू होते. ज्याला प्रश्न मराठीत नीट मांडता येत नाही, त्याला विषय समजलेला नाही असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि त्यात हुशार मुले मागे पडतात.

वर्षाचे वेळापत्रक आखताना जानेवारीतील गड्डा यात्रेचे दिवस मोकळे ठेवावेत, नाहीतर त्या आठवड्याची हजेरी पाहून आपणच निराश व्हाल. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की दुपार रिकामी दिसते, पण पत्र्याखालच्या खोलीत त्या वेळी अभ्यास होत नाही. तेव्हा वर्ग संध्याकाळी उशिरा ठेवावा.

प्रश्न : बार्शीतून लिहीत आहे. गणित आणि विज्ञानाचे तास एकदाच चित्रित करून शेकडो मुलांना अल्प शुल्कात विकावेत, की थोडी मुले घेऊन थेट वर्ग चालवावेत? शुल्क किती ठेवावे आणि त्यावर कर लागतो का?

उत्तर : थोडी मुले घ्यावीत. चित्रित तासांचा आज तुटवडा नाही. केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावर आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमाचे साहित्य विनामूल्य मिळते, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड फोनने टिपला की ते उघडते, आणि यूट्यूबवरही चांगले शिक्षक शिकवत आहेत. मुलाला जे कोठेच मिळत नाही ते म्हणजे त्याची वही उघडून पाहणारे माणूस. पालक शुल्क कशासाठी देतात, याचे उत्तर मला तरी येथेच सापडते.

एक साधे उदाहरण घेऊ. सहावीतल्या मुलाला दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश हे गणित दिले. बहुपर्यायी चाचणीत त्याचे उत्तर चुकले एवढेच संगणक सांगतो आणि त्याला तोच तास पुन्हा पाहायला लावतो. वहीचा फोटो पाहिला तर त्याने ३/७ लिहिलेले दिसते, म्हणजे त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. दुसऱ्या मुलाने छेद १२ बरोबर काढला, पण अंश तसेच ठेवून ३/१२ लिहिले. तिसऱ्याने ८/१२ आणि ३/१२ दोन्ही बरोबर मांडले आणि बेरजेत १० लिहून बसला. तिघांचेही उत्तर चूकच, मात्र पहिल्याला अपूर्णांक म्हणजे काय हे भाकरीचे तुकडे करून दाखवावे लागेल, दुसऱ्याला सममूल्य अपूर्णांक पुन्हा शिकवावा लागेल आणि तिसऱ्याला केवळ “बेरीज पुन्हा पाहा” एवढे म्हणणे पुरेल. हे निदान शिक्षक दोन मिनिटांत करतो, आणि ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलापर्यंत पोचले तरच त्याचा उपयोग होतो. आठवड्यानंतर आलेल्या लाल खुणेकडे मुले पाहतही नाहीत.

म्हणून तुकडीचा आकार वही तपासण्याच्या वेळेवरून ठरवावा. एका मुलाच्या आठवड्याच्या कामाला बारा मिनिटे धरली तर वीस मुलांना चार तास लागतात. त्यात तीन तासांचे थेट वर्ग, तेवढीच तयारी आणि पालकांशी बोलणे मिळवले की एका विषयाच्या एका तुकडीला आठवड्याचे अकरा-बारा तास जातात. ही मांडणी करून मगच शुल्क ठरवावे. वीस मुले दरमहा सहाशे रुपये देत असतील तर बारा हजार रुपये येतात. त्यातून इंटरनेट, वीज आणि साधनांचा खर्च वजा करून शिक्षकाच्या तासाला काय उरते ते पाहावे. हा आकडा परवडत नसेल तर शुल्क वाढवावे किंवा दोनच विषय शिकवावेत, परंतु तुकडी चाळीसची करू नये. त्यात वही तपासणे हेच सर्वात आधी बंद पडते. ज्यांना शुल्क झेपत नाही अशा मुलांसाठी प्रत्येक तुकडीत दोन-तीन जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांची नावे इतर मुलांना कळू देऊ नयेत.

शुल्क महिन्याचे महिन्याला घ्यावे. वर्षाचे पैसे एकरकमी घेतले आणि मूल दोन महिन्यांत सोडून गेले, तर परताव्यावरून होणारी कटुता गावात लगेच पसरते. प्रवेशाच्या वेळीच परताव्याचा नियम लिहून द्यावा. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी. बारावीपर्यंतच्या शाळांना वस्तू व सेवा कर माफ असला तरी शिकवणी वर्गांना तो १८ टक्के दराने लागतो. मात्र वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावरच नोंदणी बंधनकारक होते, तेव्हा आपल्याला सुरुवातीला ती चिंता नाही. जाहिरात करताना हमखास गुणांची भाषा टाळावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि ती नसती तरी दहावीच्या मुलाला गुणांची हमी देणे योग्य नव्हतेच.

प्रश्न : आम्हाला स्वतःचे ॲप तयार करून देणाऱ्या कंपनीने वर्षाचा करार करण्याचा आग्रह धरला आहे. मुले अद्याप बाराच आहेत. (मोहोळ)

उत्तर : बारा मुलांसाठी ॲप नको. गूगल मीटवर विनामूल्य गटवर्ग साठ मिनिटे चालतो, झूमवर चाळीस. गृहपाठ देणे-घेणे गूगल क्लासरूममध्ये होते. पुढे तुकड्या वाढल्या आणि प्रत्येक मुलाची वर्षभराची नोंद एका जागी हवी असे वाटू लागले, तर ऑनलाइन वर्ग चालवण्याची मूडल ही विनामूल्य, मुक्त प्रणाली स्वतःच्या संकेतस्थळावर बसवता येते. तिच्या मोबाइल ॲपमध्ये धडा एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही वाचता येतो. तोपर्यंत तो खर्च चांगला मायक्रोफोन, टेबलावरची वही दाखवणारा फोनचा स्टँड आणि वीज गेल्यावर राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी यांवर करावा. शिक्षकाचा आवाज तुटक येऊ लागला की मुले वर्गात असूनही नसल्यासारखी होतात.

प्रश्न : माझी मुलगी मंगळवेढ्यातून एका ऑनलाइन वर्गात शिकते. तेथे कॅमेरा सक्तीने चालू ठेवायला लावतात आणि तासाचे चित्रण सर्वांना पाठवतात. आई म्हणून मी काय विचारावे?

उत्तर : चित्रण कोठे ठेवले जाते, ते कोण पाहू शकते आणि किती दिवसांनी पुसले जाते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यास मनाई करतो. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण चांगल्या वर्गचालकाने त्यासाठी थांबू नये. चित्रणात केवळ शिक्षक आणि फळा असावा. एका खोलीच्या घरात कॅमेऱ्यामागे सारे घर दिसते, आणि अनेक मुली त्या संकोचामुळेच वर्गाला बसत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याची सक्ती मला अनुचित वाटते. मूल उपस्थित आहे की नाही हे त्याला प्रश्न विचारून कळते.

वर्ग चालवणाऱ्यांनाही येथेच सांगावेसे वाटते, की शिक्षकाने विद्यार्थ्याशी खाजगी चॅटवर बोलू नये, प्रत्येक गटात पालकांचा क्रमांक असावा आणि एकेकट्या मुलाच्या तासाची सूचना पालकांना आधी जावी. कोणत्याही शिक्षकाला नेमण्यापूर्वी त्याची ओळखपत्रे आणि आधीच्या कामाच्या ठिकाणची माहिती पडताळून घ्यावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा तसा धोका असल्याचे लक्षात आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, तेथे संस्थेच्या नावाचा विचार करायला जागा नाही. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे आणि तिचा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

प्रश्न : बालभारतीची पुस्तके स्कॅन करून आमच्या वर्गाच्या संकेतस्थळावर ठेवता येतील का? (पंढरपूर)

उत्तर : परवानगीशिवाय ठेवू नयेत, कारण पुस्तकांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत आणि आपला वर्ग सशुल्क आहे. तशी गरजही पडत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत, त्यांचा दुवा द्यावा. शिवाय शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना छापील पुस्तक मोफत मिळतेच, तेव्हा तासाला पृष्ठ क्रमांक सांगून पुस्तक उघडायला लावणे अधिक चांगले. स्वाध्याय मात्र आपल्या शिक्षकांनी स्वतः तयार करावेत, आणि शिक्षक वर्ग सोडून गेला तर त्याने तयार केलेले साहित्य कोणाकडे राहील हे त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहून ठेवावे.